मालाबरोबर माणूस

सिप्रियानने ट्रकच्या फळीवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

“तीनदा धुतलाय, पोर्बू,” दामू मेंडन म्हणाला. “एकदा तर सोड्याने.”

“मग मासळीचा वास कुठून येतो?”

“माझा असेल. बावीस वर्षं मासळीच वाहतोय. मला काही सोड्याने धुतलेलं नाही.”

हमाल हसले. सिप्रियान हसला नाही. उडुपीजवळच्या मालप्याकडचे लोक किरिस्तांवाला पोर्बू म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, पण पहिल्याच भेटीत एवढी सलगी त्याला आवडली नव्हती. त्याने बोट पॅंटला पुसलं आणि गवताचा थर किती जाड आहे ते टाचेने दाबून पाहिलं. गवत जाड होतं. त्यावर दोन जुन्या गाद्याही घातल्या होत्या. भाड्याच्या मानाने ही तयारी फारच चांगली होती, आणि तेच त्याला खटकलं.

छत्तीस वर्षं तो मुरगाव बंदरावर टॅली क्लार्क होता. बोटीतून उतरणारी प्रत्येक पेटी मोजायची, वहीत रेघ मारायची, शिक्का शाबूत आहे की नाही ते बघायचं. शिक्का शाबूत ठेवून तळाची फळी काढणारे लोक त्याने पाहिले होते. शिलाई मशीनच्या खोक्यातून व्हिस्की निघालेली पाहिली होती. कोणी फार अदबीने बोलायला लागला की तो त्याच्या हाताकडे बघायचा, ही सवय तेव्हाची.

पियानो त्याचा नव्हता. तो इर्मेलिंदचा होता. तिच्या बापाने तो मोंबासाहून बोटीने आणला होता, लाकडाच्या भुशात पुरून. लग्नानंतर तो कुंकळ्ळीच्या या घरात आला आणि पुढची पंचेचाळीस वर्षं वाड्यावरची पोरं त्यावर बोटं आपटत राहिली. जानेवारीत इर्मेलिंद गेली. तेव्हापासून त्याचं झाकण कोणी उघडलं नव्हतं. सिप्रियानला वाजवता येत नव्हतं. रविवारी तो त्याच्यावरची धूळ पुसायचा, एवढंच.

ओदेत, त्यांची एकुलती मुलगी, उडुपीला दिली होती. आई गेल्यावर तिने तीनदा फोन करून सांगितलं, पप्पा, इकडे राहायला या. तीनदा त्याने सांगितलं की मी माझं घर सोडून कुठेही येणार नाही, मेलो तर इथूनच उचला. चौथ्यांदा, ईस्टरच्या आठवड्यात, ती वेगळंच बोलली.

“बरं, तुम्ही नका येऊ. मम्माचा पियानो तरी द्या. मुलगी शिकतेय.”

याला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

मग तो कसा पाठवायचा याचा शोध सुरू झाला. सामान हलवणाऱ्या कंपनीने जो आकडा सांगितला त्यात दुसरा पियानो आला असता. रेल्वेच्या पार्सलवाल्याने लाकडी पेटारा करून आणा म्हणून सांगितलं आणि वर, जागा नसली तर आडवा टाकू, असंही सांगितलं. आडवा म्हटल्यावर सिप्रियान तिथून उठलाच. तिसरा एक लॉरीवाला होता, पण त्याचा माल हुबळीवरून फिरून जायचा आणि वाटेत दोन ठिकाणी उतरायचा. शेवटी पियानोचे सूर लावणारे मेस्त लोरेन्स म्हणाले, मासळीच्या ट्रकने पाठव. मालप्याची मासळी रोज पहाटे मडगावला येते, परत जाताना गाडीत रिकामे क्रेट सोडून काही नसतं. त्यांना डिझेलपुरते दिले तरी पुरतं.

“एकच आहे,” मेस्त म्हणाले होते. “मालाबरोबर माणूस लागतो. जुनं सामान, पावती नाही. हद्दीवर, माजाळीच्या नाक्यावर, मालक बरोबर नसला तर अडवून ठेवतात.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“गाडीवाल्याने.”

“आणि गाडीवाला तुम्हाला कुठे भेटला?”

मेस्तांनी चष्मा काढून पुसला. “मडगावच्या बाजारात. मासे घ्यायला गेलो होतो.”

मेस्तांच्या घरी मासे त्यांची बायको आणते, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं.

तरीही त्याने होकार दिला. एक दिवस जायला, एक दिवस तिथे, शनिवारी बसने परत. दोन शर्ट आणि दाढीचं सामान एवढं त्याने कापडी पिशवीत भरलं. घराची चावी शेजारच्या फिलूकडे दिली. फिलू विधवा होती, त्याचे कपडे तीच धुऊन इस्त्री करून द्यायची. चावी देताना तिने डोळ्यांना पदर लावला तेव्हा तो म्हणाला, “शनिवारी येतोय मी. रडतेस कशाला?”

“धुरामुळे,” ती म्हणाली. चूल तिने दहा वर्षांपूर्वी मोडली होती.

सकाळी मेस्तांनी पियानोची खालची फळी काढून आतले पेडलचे दांडे कापडाने बांधले. चढवण्याआधी ते करावंच लागतं. नेमक्या त्याच वेळी फिलूने हाक मारली की गॅसचा वास येतोय, जरा बघा. तो गेला. शेगडी तपासली, नळी तपासली, साबणाचा फेस लावून पाहिला. काही नव्हतं. दहाएक मिनिटांनी परत आला तर फळी बसवून झाली होती, वर गोधड्या गुंडाळल्या होत्या, आणि मेस्त आणि दामू शेजारी शेजारी उभे होते.

चार हमालांनी पियानो उभाच्या उभा वर चढवला. केबिनच्या भिंतीला टेकवून दोरांनी आवळला. सगळे खाली उतरल्यावर सिप्रियान पुन्हा वर चढला, गोधडीच्या फटीतून हात घालून त्याने खालच्या फळीवर बोटांनी टकटक केलं.

पंचेचाळीस वर्षं त्या फळीला कोणाचा तरी पाय लागायचा आणि आत ढोलीसारखा आवाज व्हायचा. आज भद्द वाजलं.

त्याने पुन्हा एकदा वाजवून पाहिलं. मग तो खाली उतरला. हमाल मागे रिकामे क्रेट रचू लागले तेव्हा तो केबिनमध्ये जाऊन बसला.

*

बाळ्ळी गेली. करमलचा घाट सुरू झाला. दामू गाडी खरंच जपून चालवत होता, प्रत्येक खड्ड्यापाशी ट्रक जवळजवळ थांबत होता.

“मासळी असली की असाच चालवतोस?” सिप्रियानने विचारलं.

“मासळी मेलेली असते, पोर्बू. तिला काय लागतंय?”

“आणि पियानो जिवंत आहे?”

“मला ओदेतबाईंनी सांगितलंय, एक ओरखडा आला तर मालप्याला येऊन गाडी जाळीन.”

“तू ओदेतला ओळखतोस?”

दामूने गियर बदलला. “फोनवर. भाडं ठरवायला.”

भाडं सिप्रियानने मेस्तांमार्फत ठरवलं होतं. तो खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मनातल्या मनात हिशेब करू लागला. पेडलच्या दोन्ही बाजूंना मिळून जागा केवढी? आडव्या रचल्या तर चाळीस बाटल्या, उभ्या लावल्या तर कमी. गोव्यातली दारू सीमेपलीकडे दुपटीने विकली जाते. मासळीचा ट्रक रोजचा, त्याला वासामुळे कोणी फार हुंगत नाही. त्यात एखादा म्हातारा, मेलेल्या बायकोचा पियानो मुलीला पोचवायला निघालेला. नाक्यावरचा कोणता माणूस त्याला उतरवून घेईल? मालाबरोबर माणूस कशाला लागतो ते आता त्याला कळलं.

घाटाच्या माथ्यावर दामूने गाडी बाजूला घेतली. इंजिन तापलंय म्हणाला. खाली उतरून तो चाकापलीकडे गेला आणि पाठ करून फोनवर तुळूत बोलू लागला. सिप्रियानला तुळू येत नव्हती. ‘पोर्बू’ हा शब्द दोनदा ऐकू आला. मग दामू हलकंसं हसला. सिप्रियानने खिडकीतून हात बाहेर काढून बॉनेटच्या पत्र्याला लावला. पत्रा उन्हाने तापला होता तेवढाच.

घाट उतरून चावडी गावात चहा घेतला. पैसे दामूनेच दिले, आणि उठता उठता विचारलं, “सकाळची गोळी घेतली ना?”

सिप्रियानने कप खाली ठेवला. “कसली गोळी?”

“असंच विचारलं. या वयात कोण गोळी घेत नाही?”

“मी गोळी घेतो हे तुला कोणी सांगितलं?”

“पोर्बू, तुम्ही पोलिसात होता का?”

“बंदरावर होतो.”

“मग बरोबर,” दामू म्हणाला आणि पानाची टपरी शोधत गेला.

तो परत येईपर्यंत सिप्रियानने मागे जाऊन पाहिलं. दोर घट्ट होते, पियानोपर्यंत पोचायला मध्ये क्रेटची भिंत होती. ती एकट्याने हलवणं त्याला शक्य नव्हतं. पण त्याने तेवढ्या वेळात ठरवून टाकलं. सीमेवर आपणच बोलायचं. पकडले गेल्यावर मला ठाऊक नव्हतं म्हणणारे त्याने शेकड्यांनी पाहिले होते. त्यातल्या एकावरही त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता. इर्मेलिंदचा पियानो कुठल्यातरी नाक्यामागच्या शेडमध्ये पुराव्याची चिठ्ठी लावून सडायचा नसेल तर तोंड आधी उघडायला हवं.

*

माजाळीच्या नाक्यावर गर्दी नव्हती. गार्ड खुर्ची सावलीत ओढून बसला होता. त्याने दामूला ओळखलं, हात हलवला.

“आज काय, बांगडे संपले?”

“पियानो आहे, साहेब. या पोर्बूंचा. मुलीकडे चाललाय.”

“वाजव की मग,” गार्ड म्हणाला. वहीत नंबर लिहून त्याने आडवा बांबू वर करायची खूण केली.

सिप्रियान दार उघडून खाली उतरला.

“मी मालक आहे. तुम्हाला माझा दाखला बघायचा असेल ना?”

“कशाला?”

“जुनं सामान आहे. मालक बरोबर नसला तर अडवतात म्हणे.”

गार्डने त्याच्याकडे, मग दामूकडे पाहिलं. “घरचं जुनं सामान ना? एका कागदावर सही पुरते. मालकाला कोण बोलावतो इथे?”

दामू आरशात बघून कपाळ पुसत होता.

सिप्रियानने घसा साफ केला. “मग माझं एक ऐका. पियानोची खालची फळी उघडून बघा. आज सकाळी ती माझ्या मागे उघडली होती. आत काय आहे ते मला माहीत नाही. पण काहीतरी आहे, आणि ते मी स्वतः होऊन सांगतोय, हे वहीत लिहा.”

“पोर्बू,” दामू हळू म्हणाला, “राहू द्या ना.”

तेवढ्याने गार्ड खुर्चीवरून उठला.

क्रेट काढायला पाव तास लागला. आणखी एक गार्ड मदतीला आला. दामू क्रेट उतरवत होता, त्याची मान खाली होती. गोधड्या सोडल्या. फळी कशी निघते ते गार्डला कळेना, तेव्हा सिप्रियाननेच वाकून आतली पोलादी पट्टी दाबली आणि फळी हातात घेतली.

आत पेडलच्या दोन्ही बाजूंना चादरीत बांधलेली दोन गाठोडी होती.

“हं,” गार्ड म्हणाला आणि पहिलं गाठोडं ओढून गाठ सोडली.

इस्त्री केलेले शर्ट निघाले. एकावर एक, नीट घडी घातलेले. सगळ्यात वर निळ्या चौकडीचा, जो मंगळवारपासून सापडत नव्हता. गार्डने तो झटकला. त्याखाली पायजमे. लोकरी स्वेटर. छत्री. प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधांच्या पट्ट्या आणि डॉक्टरचे सगळे जुने कागद, तारखेप्रमाणे लावलेले. पेन्शनचं पुस्तक. त्याचा दुसरा चष्मा. इर्मेलिंदचा बैठकीतला फोटो, तिच्याच ओढणीत गुंडाळून, काच फुटू नये म्हणून मध्ये त्याचे मोजे कोंबलेले.

“हे कोणाचं?” गार्डने विचारलं.

“माझं,” सिप्रियान म्हणाला.

“तुमचंच? मग दारू कुठाय?”

दुसऱ्या गार्डने दुसरं गाठोडं सोडलं. त्यात घरातल्या चपला होत्या, टॉवेल होते, आणि तळाशी काळा सूट होता, पॅंट आणि कोट एकाच हॅंगरवर, वर वर्तमानपत्राचा कागद.

सिप्रियानने तो त्याच्या हातातून घेतला.

सहा वर्षांपूर्वी मडगावच्या एकाच शिंप्याकडे दोघांनी आपापले कपडे शिवायला टाकले होते, तिचा राखाडी झगा आणि त्याचा हा काळा सूट. वाड्यावरची त्यांच्या वयाची सगळीच माणसं अशी शेवटच्या दिवसाची तयारी करून ठेवतात, ऐन वेळी पोरांची धावपळ नको म्हणून. दोन्ही कपडे एकाच कपाटात, एकाच दांडीला होते. जानेवारीत तिचा काढला गेला. त्यानंतर दांडीवर हा एकटाच होता.

तो कोटाकडे बघत उभा राहिला. गार्डने शर्ट परत भरायला सुरुवात केली, पण घडी जमत नव्हती.

“किती दिवसांसाठी चाललात?” त्याने सहज विचारलं.

“त्याला विचारा,” सिप्रियान म्हणाला.

दामू क्रेटवर बसला होता. “मला काय विचारता, पोर्बू? मला ओदेतबाईंनी एवढंच सांगितलं होतं की पियानोबरोबर माणूस आला नाही, तर पियानोही आणू नकोस.”

“आणि मेस्त?”

“त्यांचाही फोन असायचा. त्या फिलूबाईंचाही. मला तर वाटलं, तुम्ही सोडून सगळ्या गोव्याला ठाऊक आहे.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “खोली खालचीच दिलीय. न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत, त्याचं लोखंड मीच पोचवलं.”

“पियानो कुठे ठेवणार?”

दामूने जरा आठवून पाहिलं. “त्याचं काही बोलल्या नाहीत.”

कारवारकडून एक बस आली आणि नाक्यावर थांबली. गोव्याच्या कदंब महामंडळाची, मडगावला जाणारी. कंडक्टर खाली उतरून गार्डच्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी प्यायला लागला. सिप्रियानने बसकडे पाहिलं. कुंकळ्ळीच्या बाजारात ती थांबते, तिथून घर चालत सात मिनिटं.

दामूनेही ते पाहिलं. तो उठला, केबिनमध्ये गेला आणि सिप्रियानची कापडी पिशवी घेऊन आला. ती त्याच्या पायाशी ठेवली.

“पियानो मी परत घरी आणून टाकतो,” तो म्हणाला. “भाडं नको. उद्या मासळी घेऊन यायचंच आहे.”

सिप्रियान खाली बसला. गार्डच्या हातातला शर्ट घेऊन त्याने तो मांडीवर पसरला, बाह्या आत दुमडल्या, घडी घातली. मग दुसरा. सगळे शर्ट झाल्यावर पायजमे. फोटो त्याने ओढणीतून सोडवून एकदा पाहिला, काच तपासली आणि मोजे पुन्हा होते तसे कोंबले. दोन्ही गाठोडी बांधून त्याने ती स्वतः पेडलच्या दोन बाजूंना बसवली आणि वरून फळी लावली. कोट मात्र बाहेर, क्रेटवर राहिला.

मग त्याने खिशातून फोन काढला.

“फिलू? बाजारात येऊन उभी राहा. पोस्टासमोर. कदंब येईल तासाभरात.”

मग फिलू म्हणाली, “परत येताय तुम्ही? मी ओदेतला सांगत होते, त्यांना कळलं की ते वाटेतूनच—”

“मी नाही येत. सूट येतोय.”

“कुठला सूट?”

“तू बांधलास तो. जिथून काढलास तिथेच टांगून ठेव.” तो थांबला. “आणि मेस्ताला सांग, मासे बायकोकडूनच आणव म्हणावं.”

फोन बंद करून तो कंडक्टरकडे गेला.

“हे कुंकळ्ळीला उतरवायचं. एक बाई घेईल. फिलू नाव आहे. नाव विचारल्याशिवाय देऊ नका.”

कंडक्टरने वर्तमानपत्राचा कागद वर करून पाहिला. “खिशात काही नाही ना? मागाहून कटकट नको.”

सिप्रियानने सगळे खिसे चाचपले. डांबराच्या दोन गोळ्या होत्या. “काही नाही. घडी घालू नका, टांगूनच न्या.”

“एवढा जपायचा होता तर अंगात घालून का नाही आलात?”

“त्याला अजून वेळ आहे,” सिप्रियान म्हणाला.

बस निघून गेली. दामू आणि गार्ड मिळून क्रेट चढवत होते. सिप्रियान ट्रकच्या मागे उभा राहून एकेक मोजत राहिला. शेवटचा चढल्यावर त्याने पिशवी उचलली आणि केबिनकडे निघाला.